वरम, सरतान आणि सीआरपी : अन्ननलिकेच्या कर्करोगातील पूर्वानुमानाचा इतिहास

भाषेच्या अध्यापकाने वैद्यकाच्या इतिहासावर लिहावे, हे काहींना अधिकाराबाहेरचे वाटण्याचा संभव आहे. परंतु उर्दू-फारसीच्या वर्गात आपण ज्या ग्रंथांचा नावापुरता उल्लेख करून पुढे जातो, त्यांपैकी कितीतरी ग्रंथ वैद्यकाचे आहेत आणि त्यांतील शब्द अजून आपल्या घरांत बोलले जातात. पायाला सूज आली की आमच्याकडील वडीलधारी मंडळी ‘वरम आला’ असेच म्हणत. कर्करोगाला उर्दू वर्तमानपत्रे आजही ‘सरतान’ म्हणतात. हे दोन शब्द जुन्या ग्रंथांत एकाच प्रकरणात कसे आले, पुढे ते कसे दुरावले आणि आता प्रयोगशाळेच्या कागदावर पुन्हा एकत्र कसे आले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

लेखाला दोन निमित्ते घडली. काही वर्षांपूर्वी माझ्या मामूंना घास अडकू लागला. आधी भाकरी उतरेना, मग भात, मग पेजही घोट घोट घ्यावी लागली. दुर्बिणीतून तपासणी झाली, तुकडा काढून पाहिला गेला. अन्ननलिकेचा कर्करोग निघाला आणि शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. रक्ताच्या अहवालात ‘सीआरपी’ आणि ‘अल्ब्युमिन’ या दोन ओळींखाली डॉक्टरांनी पेनाने रेघ ओढली आणि हे दोन आकडे चांगले नाहीत, एवढेच सांगितले. बाहेर आल्यावर मुमानींनी तो कागद माझ्यापुढे धरला आणि विचारले, “तुम्ही शिकलेले आहात. हे किती दिवस काढतील ते यात लिहिलंय का?” मला उत्तर देता आले नाही.

दुसरे निमित्त एका चर्चासत्राचे. दाह आणि कर्करोग यांचा संबंध आधुनिक विज्ञानाला आत्ता कळला, आमच्या इब्न सीनाने तो हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवला आहे, असे एका वक्त्याने ठासून सांगितले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन संबंधित प्रकरण वाचू लागलो तेव्हा टाळ्या जरा घाईने वाजवल्या असे वाटू लागले.

प्रारंभी शब्दांचा विचार करू. शरीराच्या या विकाराला जवळजवळ प्रत्येक भाषेने आगीवरून नाव दिले आहे. संस्कृत-मराठी ‘दाह’ जळण्यावरून आला. उर्दूतील ‘सोजिश’ हा फारसी ‘सोख्तन’ म्हणजे जळणे या धातूपासून, अरबीतील ‘इल्तिहाब’ हा ‘लहब’ म्हणजे ज्वाला यापासून, आणि ग्रीक ‘फ्लेग्मोन’सुद्धा जळणे याच अर्थाच्या धातूपासून. (विद्यार्थी मराठी ‘सूज’ आणि उर्दू ‘सोजिश’ एकच समजतात. ती फसवी जुळणी आहे. सूज फुगण्यावरून, सोजिश जळण्यावरून.) इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्सस याने दाहाची चार लक्षणे नोंदवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था दिल्या आहेत आणि शस्त्र केव्हा लावावे हे त्या अवस्थेवर ठरवायला सांगितले आहे. म्हणजे दाह हा जुन्या वैद्यांना डोळ्यांनी दिसणारा, हाताला लागणारा आणि काळानुसार पालटणारा विकार होता. तो शरीराच्या आत, न दिसता, मंदपणे वर्षानुवर्षे चालू राहू शकतो, ही कल्पना फार उशिरा आली.

आता पूर्वानुमानाकडे वळू. रोग्याचे पुढे काय होणार हे आधी सांगणे, ही वैद्याच्या कसोटीची बाब मानली जात असे. बुकरात म्हणजे हिपोक्रेटिस याच्या नावावर या विषयाचा एक स्वतंत्र ग्रंथ आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक (८०९-८७३) आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ग्रीक वैद्यक अरबीत आणले, तेव्हा या ग्रंथाला ‘तकदिमतुल-मारिफा’ हे नाव मिळाले. शब्दशः अर्थ ‘आगाऊ ओळख’. रोग्याचा चेहरा, श्वास, झोप, घाम, लघवी यांवरून अंदाज बांधण्याची ही विद्या. चरकसंहितेतील इंद्रियस्थान हा संपूर्ण विभाग अशाच अरिष्टलक्षणांना वाहिलेला आहे. दोन्ही परंपरांत वैद्याचा व्यावहारिक हेतूही लपलेला नाही : जो रोगी वाचणार नाही त्याचा दोष आपल्यावर येऊ नये. मात्र केवळ तेवढ्यावर ही विद्या थांबत नव्हती. पथ्य किती कडक ठेवावे, रक्त काढावे की नाही, हेही या अंदाजावर ठरत असे.

जालिनूस म्हणजे गॅलन याने निसर्गविरुद्ध सुजांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात गळू, दाह, गाठ, कर्करोग सारे एकत्र आहेत. कर्करोग काळ्या पित्तापासून होतो, हे त्याचे मत पुढे दीड हजार वर्षे टिकले. इब्न सीनाच्या (९८०-१०३७) ‘अल-कानून फित्-तिब्ब’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात हीच मांडणी अधिक सुसूत्र होऊन येते. तेथे वरम ही मूळ जात आहे आणि चार खिल्तांनुसार, म्हणजे शरीरातील चार द्रवांनुसार, तिच्या शाखा पडतात. रक्तापासून तप्त वरम, पित्तापासून विसर्पासारखा लाल वरम, कफापासून मऊ सूज आणि सौदा म्हणजे काळ्या पित्तापासून कठीण गाठ व सरतान. साधी कठीण गाठ आणि सरतान यांतील फरकही त्याने दिला आहे : सरतानात वेदना असते, ठणका असतो आणि तो झपाट्याने वाढतो. भोवतीच्या शिरा खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात म्हणून हे नाव, असे त्या नावाचे एक स्पष्टीकरण दिले जाते. गाठ लहान आणि नवीन असेल तर ती मुळासकट कापून काढता येईल, हेही तो सांगतो.

हे सर्व मोलाचे आहे. तप्त वरम विरघळतो, पिकतो किंवा कठीण होतो, असेही ‘कानून’मध्ये आहे, त्यामुळे दाहातून कठीण गाठ होऊ शकते, एवढी दिशा तेथे जरूर सापडते. परंतु इब्न सीनाच्या मते सरतानाचे कारण दाह नाही; कारण आहे करपलेला सौदा. दाह आणि कर्करोग ही त्याच्या दृष्टीने एका आईची वेगवेगळ्या बापांची मुले आहेत. आजच्या विज्ञानात काळ्या पित्ताला स्थान नाही. म्हणून चर्चासत्रातील ते विधान जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. शेजार होता, संबंध सांगितलेला नव्हता. आपल्या पूर्वसुरींचा गौरव करायचा तर त्यांनी जे म्हटले त्याचाच करावा. आपण त्यांच्या तोंडी घातलेल्या वाक्याचा केला तर वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी आपल्याला उघडे पाडील आणि त्याच्या मनातून मूळ ग्रंथही उतरेल. हे नुकसान मोठे आहे.

खरा गौरव करण्याजोगे उदाहरण अन्ननलिकेच्याच बाबतीत उपलब्ध आहे, पण त्याचा उल्लेख क्वचित होतो. सेव्हिल येथील इब्न जुहर (मृत्यू ११६२), लॅटिन जगतातील अव्हेन्झोअर, याने ‘अत्-तैसीर’ या ग्रंथात अन्ननलिकेच्या अशा रोगाचे वर्णन केले आहे. सुरुवातीस किंचित दुखते, गिळताना थोडे अडते आणि मग हळूहळू गिळणे बंद होत जाते. मामूंची भाकरी, भात, पेज ही क्रमवारी मला येथे भेटली. इब्न जुहरला रोग बरा करता येणार नव्हता आणि ते तो जाणून होता. म्हणून त्याने पोषणाचा मार्ग शोधला. घशातून चांदीची नळी हलकेच आत सारून तिच्यातून दूध द्यावे, हा एक उपाय. गुदमार्गाने पोषक द्रव देणे हा दुसरा. रोग्याला दुधात बसवले म्हणजे कातडीतून पोषण होईल, ही त्या काळची समजूत मात्र त्याला पटली नव्हती. इब्न रुश्दशी त्याचा स्नेह होता आणि हा ग्रंथ त्याच्याच आग्रहावरून लिहिला गेला. येथे अंदाज आणि कृती यांची सांगड दिसते : रोग्याचे दिवस अन्नाअभावी सरणार असतील तर आधी अन्न पोचवा.

त्या नळीचा पुढचा टप्पा थेट न्यूयॉर्कमध्ये येतो. फ्रान्झ टोरेक या शल्यविशारदाने १९१३ मध्ये एका ६७ वर्षांच्या स्त्रीच्या छातीतील अन्ननलिकेचा कर्करोगग्रस्त भाग काढला. उरलेली दोन टोके जोडण्याची विद्या तेव्हा नव्हती. त्याने मानेतील छिद्र आणि जठरातील छिद्र शरीराबाहेरून एका रबरी नळीने जोडले. ती बाई त्या नळीने जेवत पुढे बारा-तेरा वर्षे जगली. हा विजय खरा असला तरी एकाकी होता. १९८० मध्ये अर्लम आणि कुन्हा-मेलो या दोघांनी तोपर्यंतच्या प्रसिद्ध अहवालांचा एकत्रित हिशोब मांडला. दर १०० रुग्णांमागे ५८ जणांवर शस्त्रक्रियेचा प्रयत्न, ३९ जणांचा रोगग्रस्त भाग प्रत्यक्षात काढता आला, त्यांतील १३ रुग्णालयातच दगावले आणि पाच वर्षांनंतर हयात राहिले ४. एवढी मोठी शस्त्रक्रिया कोणाला झेपेल आणि कोणाला तिचा उपयोग होईल, हे आधी कळण्याची निकड या आकड्यांवरून ध्यानात येते.

आधी कळण्याचे साधन रक्तात होते, आणि गंमत अशी की ते प्राचीनांच्या डोळ्यांसमोरच होते. शिरेतून काढलेले रक्त काचेच्या भांड्यात ठेवले तर ते थरांत विभागते. तळाशी काळपट गठ्ठा, त्यावर लाल थर, कधी त्यावर पांढुरकी साय आणि सर्वांत वर पिवळसर पाणी. स्वीडिश वैद्य रॉबिन फोरेउस याचे म्हणणे असे की, काळे पित्त, रक्त, कफ आणि पिवळे पित्त हे चार खिल्त प्राचीनांनी याच भांड्यात पाहिले असावेत. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण तो सुचला तो माणूस महत्त्वाचा आहे. ती पांढुरकी साय आजारी माणसाच्या रक्तावर जाड येते, हे रक्त काढणाऱ्या जुन्या वैद्यांना ठाऊक होते. दाहात तांबड्या पेशी लवकर खाली बसतात, हे जॉन हंटरच्या निदर्शनास आले होते. रक्त व दाह यांवरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९७ मध्ये पोलंडच्या बिएर्नात्स्की याने ही गती मोजली. फोरेउसने १९१८ मध्ये आणि अधिक विस्ताराने १९२१ मध्ये तिचा अभ्यास केला, आणि त्याच वर्षी वेस्टरग्रेन याने क्षयरोग्यांवर तिचा उपयोग करून दाखवला. आपल्या गल्लीतील प्रयोगशाळा आज ज्याला ‘ईएसआर’ म्हणते, ती हीच कसोटी. आधुनिक कसोटी जुन्या भांड्यातून निघाली, हे खरेच. मात्र निघाली ती भांड्यातील थरांना खिल्त म्हणण्याचे सोडून दिल्यावर.

दाह आणि कर्करोग यांचा प्रत्यक्ष संबंध जोडण्याचा मान बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखो याच्याकडे जातो. पेशीविषयक विकृतिशास्त्रावरील त्याचा ग्रंथ १८५८ चा. त्यानंतर गाठींवरील व्याख्यानांत, ज्यांचा पहिला खंड १८६३ मध्ये निघाला, त्याने असे मांडले की, सतत घर्षण आणि चीड होत राहिलेल्या जागी गाठी उद्भवतात. कर्करोगाच्या ऊतींमध्ये पांढऱ्या पेशीही त्याला दिसल्या होत्या. पुढील शतकभर हा विचार मागे पडला. जंतू, विषाणू, रंगसूत्रे, जनुके यांच्याकडे लक्ष वळले. १९८६ मध्ये अमेरिकन विकृतितज्ज्ञ हॅरोल्ड ड्व्होराक याने कर्करोगाची गाठ म्हणजे भरून न येणारी जखम, अशी तुलना केली. २००१ मध्ये बाल्कविल आणि मान्तोव्हानी यांनी फिरखोकडे परत जावे काय, असा प्रश्न शीर्षकातच विचारला. २०११ मध्ये हानाहान व वाइनबर्ग यांनी कर्करोगाच्या वैशिष्ट्यांच्या आपल्या सुप्रसिद्ध यादीला दाहाची जोड दिली.

अन्ननलिका हे या विचाराचे जणू उघडे पुस्तक आहे. कॅस्पियन समुद्राच्या इराणी किनाऱ्यावरील गोलेस्तान भागात या रोगाचे प्रमाण विलक्षण जास्त असल्याचे १९७२ मध्ये जगापुढे आले. उत्तर इराणपासून मध्य आशियामार्गे उत्तर चीनपर्यंत असा एक पट्टाच आहे. गोलेस्तानमधील चहाच्या सवयींवरील २००९ च्या अभ्यासात ७० अंश सेल्सियस किंवा त्याहून कढत चहा पिणाऱ्यांत हा रोग होण्याची शक्यता कोमट चहा पिणाऱ्यांच्या सुमारे आठपट आढळली. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ६५ अंशांहून कढत पेयांना ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. लक्षात घ्यावे, दोष चहाचा नव्हे, उष्णतेचा. आपल्या देशात काश्मीरमध्येही या रोगाचे प्रमाण मोठे असल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले आहे. तंबाखू, दारू आणि सुपारी हे आपल्याकडील ठरलेले साथीदार. याउलट पाश्चात्त्य देशांत अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा वेगळ्या पेशींचा कर्करोग वाढला; त्यामागे जठरातील आम्ल वर येऊन होणारा दीर्घकालीन दाह आहे. त्यात बदललेल्या अस्तराला १९५० मध्ये त्याविषयी लिहिणाऱ्या नॉर्मन बॅरेटचे नाव मिळाले. मामूंचा चहा चुलीवरून थेट बशीत आणि बशीतून थेट घशात जात असे. तोंडात तंबाखूही होती. कशाने झाले हे एका माणसाबाबत सांगता येत नाही.

येथे एक फरक स्पष्ट करणे अगत्याचे आहे. दाहामुळे कर्करोग होतो, ही एक गोष्ट. कर्करोग झाल्यावर संपूर्ण शरीरात जो दाह पेटतो त्यावरून रोग्याचे आयुष्य अजमावता येते, ही दुसरी. मामूंच्या कागदावरील रेघ दुसऱ्या गोष्टीशी संबंधित होती.

सीआरपीचा शोध कर्करोगाच्या संदर्भात लागलेलाच नाही. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस न्यूमोनियाच्या जंतूंवर काम करीत होते. जंतूच्या आवरणालगतचा ‘सी’ नावाचा एक अंश आजारी माणसाच्या रक्तद्रवात मिसळला की साका खाली बसे. रोगी बरा झाला की साका बसेनासा होई. रक्तात आजारापुरता प्रकट होणारा हा पदार्थ प्रथिन असल्याचे पुढे निश्चित झाले आणि ‘सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन’ हे नाव रूढ झाले. तो यकृतात तयार होतो. १९८६ मध्ये जपानमध्ये ज्याचे जनुक वेगळे काढले गेले तो ‘इंटरल्यूकिन-६’ हा निरोप्या यकृताला आज्ञा देतो : सीआरपी वाढवा. त्याच आज्ञेने अल्ब्युमिन या नेहमीच्या प्रथिनाचे उत्पादन घटते. कर्करोगाची गाठ आणि तिच्या भोवतीच्या पेशी हा निरोप सतत पाठवत राहतात. स्नायू झिजतात, भूक मरते. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल वाढतात आणि गाठीशी झुंजणारे लिम्फोसाइट कमी होतात. म्हणजे कागदावरचा वाढलेला आकडा हा गाठ आणि शरीर यांच्यातील संबंधांचा निर्देशक आहे. गाठ किती मोठी, कुठे पसरली, हे १९४० च्या दशकात फ्रान्सच्या पिएर दन्वा याने सुरू केलेल्या टीएनएम पद्धतीने सांगता येत होते. ज्याच्या शरीरात ती गाठ आहे त्या माणसाची स्थिती तीत नव्हती. बुकरात ज्याला चेहरा आणि श्वास यांत शोधत होता, ती हीच स्थिती.

२००१ मध्ये नोझोए, साएकी व सुगिमाची या जपानी शल्यविशारदांनी अन्ननलिकेच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी वाढलेला सीआरपी हा प्रतिकूल लक्षण असल्याचे दाखवले. त्याच वर्षी ब्रातिस्लाव्हा येथील झाहोरेक याने अतिदक्षता विभागातील रुग्णांसाठी न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट हे साधे गुणोत्तर सुचवले. दोन आकडे, एक भागाकार; साध्या रक्ततपासणीत तो विनाखर्च मिळतो. कर्करोगतज्ज्ञांनी ते उचलले. २०१४ मध्ये टेम्पल्टन व सहकाऱ्यांनी निरनिराळ्या कर्करोगांवरील १०० अभ्यास आणि ४०,५५९ रुग्ण एकत्र पाहिले. गुणोत्तर जास्त असणाऱ्यांत मृत्यूची जोखीम सुमारे १.८ पट होती.

मामूंच्या कागदावर रेघ ओढलेली जोडी मात्र ग्लासगोची. २००३ मध्ये तेथील फॉरेस्ट, मॅकमिलन आदींनी शस्त्रक्रियेपलीकडच्या फुप्फुसाच्या कर्करोगासाठी एक गुणांकन तयार केले. सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक, एक गुण. अल्ब्युमिन लिटरमागे ३५ ग्रॅमहून कमी, एक गुण. शून्य चांगला, दोन वाईट. २००६ मध्ये त्याच शहरातील गटाने शस्त्रक्रिया न होऊ शकणाऱ्या अन्ननलिका-जठराच्या कर्करोगात ते लावून पाहिले आणि तेथेही गुण जितके अधिक तितके आयुष्य कमी, असे आढळले. २०१३ पर्यंत या गुणांकनाची पडताळणी साठांहून अधिक अभ्यासांत, तीस हजारांहून अधिक रुग्णांवर झाली होती. एवढ्या साध्या हिशोबाने एवढे टिकावे, हे आश्चर्यकारक आहे.

तरीही मुमानींच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. शंभर मामूंपैकी साधारण किती जण वर्ष काढतील, हे तो आकडा सांगतो. त्यांतले आमचे मामू कोणते हे सांगत नाही. त्यांचे गुण दोन होते. पोटात नळी बसवली, पातळ आहार सुरू झाला, वजन थोडे सावरले आणि ते चौदा महिने होते. त्यामुळे गुणांकन खोटे पडत नाही. समूहाच्या अंदाजात मागेपुढे होणारी माणसे गृहीतच असतात.

अन्ननलिकेच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे, जो इतर कर्करोगांत इतका नसतो. वाट अरुंद झाली की रात्री लाळ आणि अन्न श्वासनलिकेत उतरते, न्यूमोनिया होतो आणि सीआरपी चढतो. ज्या रोगात हा पदार्थ सापडला त्याच रोगाने तो येथे दिशाभूल करू शकतो. तसेच उपासमारीतून आलेली क्षीणता आणि दाहातून आलेली क्षीणता यांत अल्ब्युमिनवरून भेद करणे अवघड. काही अभ्यासांत तर रोगाची अवस्था हिशोबात धरल्यावर गुणोत्तराचे स्वतंत्र महत्त्व बरेच ओसरले. सीमारेषाही एक नाही. कोणी गुणोत्तराची मर्यादा दोनच्या आसपास धरतो, कोणी पाच. आपल्याच रुग्णांवर सर्वांत सोयीची मर्यादा शोधायची आणि तिच्याच आधारे तिचे यश दाखवायचे, हा दोष या वाङ्मयात वारंवार आढळतो. आपल्या पीएच.डी.च्या प्रबंधांत निष्कर्ष आधी आणि सामग्री नंतर, असे जे घडते, त्याचीच ही भावंडे.

शिवाय भाकीत करणारी गोष्ट कमी केली म्हणजे आयुष्य वाढतेच, असे नाही. दाहाचा एक निरोप्या अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाने, हृदयरोग्यांवरील २०१७ च्या चाचणीत, फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटलेले दिसले आणि मोठी आशा निर्माण झाली. प्रत्यक्ष कर्करोगाच्या उपचारात त्याच्या पुढील चाचण्या अपयशी ठरल्या. अन्ननलिकेत मात्र एक वेगळा धागा आहे. बॅरेटच्या विकाराच्या २,५५७ रुग्णांवरील ब्रिटनमधून चालवलेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, आम्लरोधक औषधाची मोठी मात्रा व अॅस्पिरिन एकत्र घेणाऱ्यांना कर्करोग, त्याची पूर्वावस्था किंवा मृत्यू येण्यास अधिक काळ लागला. (अॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून कोणी हे वाचून स्वतःहून सुरू करू नये.) आणि सर्वांत मोठा फरक पडला तो उपचारांनीच. नेदरलँड्समधील २०१२ च्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपी व किरणोपचार दिलेल्यांचे मध्यक आयुष्य ४९.४ महिने निघाले, केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांचे २४. उपचार बदलले की जुन्या रुग्णांवर बेतलेले भाकीतही शिळे होते.

२०२२ मध्ये जगात या रोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि ४ लाख ४५ हजार मृत्यू. बहुसंख्य आशियात. वर उल्लेखिलेल्या गुणांकनांच्या मर्यादा मात्र ग्लासगो आणि जपानमधल्या रुग्णांवरून ठरल्या आहेत. आपल्याकडे क्षय आहे, दातांचे आणि हिरड्यांचे जुने दुखणे आहे, लहानपणापासूनचे कुपोषण आहे. या प्रत्येकाने सीआरपी व अल्ब्युमिन हलतात. ज्याचा सीआरपी क्षयामुळे १० च्या वर गेला आहे, त्याला ग्लासगोच्या तक्त्यात त्यासाठी एक गुण देऊन बाजूला सारले तर ती चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. मामूंच्या छातीच्या चित्रात वरच्या बाजूला एक जुना डाग होता. तरुणपणी त्यांना टीबी झाला होता, हे मुमानींनी डॉक्टरांना सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते.